पकडीचा न्याय

चढाईवर आलेला खेळाडू उजव्या कोपऱ्याकडे झुकतो. कोपऱ्यावरचा बचावपटू त्याच्या घोट्यावर झडप घालतो, शेजारचा कमरेला मिठी मारतो आणि पाठोपाठ आणखी तिघे-चौघे अंगावर कोसळतात. धूळ उडते, प्रेक्षक उभे राहतात आणि माणसांच्या त्या ढिगाखाली काय चालले आहे हे कोणालाच नीट दिसत नाही. तरीही एका माणसाला ते दिसलेच पाहिजे, अशी सर्वांची अपेक्षा असते. मध्यरेषेच्या टोकाशी शिट्टी घेऊन उभा असलेला पंच हा तो माणूस. पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याला अनेक प्रश्नांचा निकाल लावायचा असतो. पकड हातापायांची व धडाची आहे की मानेची? मुठीत मनगट आहे की बनियन? चढाईपटूचा दम चालू आहे काय? त्याचे बोट मध्यरेषेला लागले काय, आणि लागले असल्यास शिट्टीपूर्वी की नंतर? या साऱ्याचे उत्तर त्याला हाताच्या एका खुणेने द्यावे लागते आणि ती खूण होताच मैदानाच्या दोन बाजूंपैकी एक बाजू त्याच्यावर उखडते.

दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला जिथे भेटतो, तिथे कुरकुंभ हे गाव आहे. जुन्या पिढीला ते फिरंगाईदेवीचे स्थान म्हणून ठाऊक, तर नव्या पिढीला रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे. कबड्डीसाठी या गावाचे नाव कोणी मुद्दाम घेईल असे नाही. पण ज्या खेळाचा आणि ज्या पंचाचा येथे विचार करायचा आहे, तो कुरकुंभ, दौंड, शिरूर या पट्ट्यातील कोणत्याही गावात सारखाच आढळतो. जत्रा, शिवजयंती, गणेशोत्सव किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असे निमित्त निघते. खडे वेचून, माती चाळून, पाणी शिंपडून मैदान तयार होते. चुन्याच्या रेषा आखल्या जातात. बांबूंना दिवे बांधले जातात. व्यासपीठावर ढाली व चषक मांडले जातात आणि ध्वनिक्षेपक एकदा सुरू झाला की पहाटेपर्यंत बंद होत नाही. कबड्डीच्या परिभाषेत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्यामुळे अशा रात्री मैदानात एक सरपंच असतो आणि व्यासपीठावर दुसरा. दोघांचे एकमत होईलच, याची मात्र शाश्वती नसते.

आपल्याकडे पंचांमुखी परमेश्वर म्हणण्याची जुनी रीत आहे. परंतु परमेश्वराला पकडीचा नियम पाठ असावा लागत नाही, पंचाला असावा लागतो. हा नियम रोजच्या प्रेक्षकांपैकीही फार थोड्यांना नेमका माहीत असतो. चढाईपटूला धरायचे ते हातापायांना आणि धडाला. केस, कपडे किंवा शरीराचा अन्य भाग जाणूनबुजून धरला, तर धरणाराच नियमभंग करतो आणि चढाईपटू बाद ठरत नाही. तोंड दाबून अथवा गळा आवळून दम बंद पाडणे, इजा होईल इतकी धसमुसळी झोंबी घेणे, दोन पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला अडकवणे, हे सारे निषिद्ध आहे. सामन्यापूर्वी खेळाडूंची नखे कापलेली आहेत की नाहीत हे पाहावे, अंगाला तेलासारखा बुळबुळीत पदार्थ लावू देऊ नये, अंगावर दागिना राहू देऊ नये, येथपर्यंत नियमांची नजर पोहोचली आहे. ज्यांनी हे नियम केले, त्यांना माणसाच्या हाताची आणि मनाचीही चांगली ओळख होती, असे म्हणावे लागते.

कबड्डीतील या नियमाचे एक वैशिष्ट्य दुसऱ्या खेळांशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूवाल्या संघातील खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला हातांनी थोपवणे मान्य, पण धरून ठेवणे हा अपराध. त्याची शिक्षा १० यार्ड मागे जाण्याची. आपल्याकडे खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्येही प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा ओढला तर फ्रीकिक, आणि गोलासमोरच्या चौकटीत ओढला तर पेनल्टी. म्हणजे या दोन्ही खेळांत धरणे हा मुळातच दोष आहे; पंचाने फक्त तो घडला की नाही एवढे पाहायचे. कबड्डीत धरणे हाच खेळ आहे. पकड हे बचावपटूचे कौशल्य, त्याची कीर्ती, त्याचा गुण. त्या कौशल्याच्या पोटातच अपराध दडलेला असतो. कमरेची मिठी वर सरकत मानेवर गेली, तर ती नेमकी कोणत्या क्षणी अपराध झाली? मनगट निसटले आणि मुठीत बनियन आले, तर ते जाणूनबुजून की ओघाने? नियमातील ‘जाणूनबुजून’ हा एक शब्द पंचाला न्यायाधीशाच्या आसनावर नेऊन बसवतो. न्यायाधीशाला निकालपत्र लिहायला दिवस मिळतात, याला एक श्वासही मिळत नाही.

शिवाय येथे शिक्षा दहा-पंधरा पावलांची नसते. पकड शुद्ध असेल तर चढाईपटू बाद, गुण बचाव करणाऱ्यांना. पकड अशुद्ध असेल तर तोच चढाईपटू नाबाद, आणि धरणाऱ्यावर बाद होण्याची पाळी. शेवटच्या मिनिटात दोन्ही संघ बरोबरीत असताना एवढ्या एका निर्णयावर ढाल या गावाला जाते की त्या गावाला, हे ठरते. त्यामुळे बहुतेक पंच गंभीर दोष दिसला तरी ‘झटापट होती’ असे मनाशी म्हणून शिट्टी आवरती घेतात. यात त्यांचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. निकाल उलटवण्याचे ओझे कोणालाही जड वाटते. मात्र या संकोचाची किंमत चढाई करणाऱ्या पोराच्या मानेला मोजावी लागते.

पंचाची खरी कसोटी लागते ती दमाच्या प्रश्नावर. तीस सेकंदांच्या चढाईत खेळाडूने ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट, अखंड उच्चार केला पाहिजे. दम तुटला की तो बाद. आता समजा, ढिगाखालून येणारा तो उच्चार एकाएकी थांबला. थांबण्याची कारणे दोन असू शकतात. पोराचा श्वास संपला असेल, तर तो बाद. कोणाचा तरी कोपर त्याच्या गळ्यावर आला असेल, तर तो नाबाद. बाहेरून दोन्ही प्रसंग एकसारखे: आवाज होता आणि आता नाही. एकाच शांततेतून परस्परविरुद्ध दोन निर्णय निघू शकतात आणि त्यांतला कोणता खरा, हे पाच जणांच्या पाठींआड दडलेले असते. ज्यूदोमध्ये गळा आवळण्याचे डाव रीतसर शिकवले जातात. पण तिथे आवळला गेलेला खेळाडू हाताने दोनदा थोपटतो आणि डाव तत्क्षणी सुटतो. कबड्डीत सापडलेल्याचे दोन्ही हात धरलेले असतात आणि हार न मानता रेषेकडे रेटत राहणे हाच त्याचा धर्म असतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. मातीवर पडलेला मुलगा उठला नाही म्हणजे प्रेक्षक ‘दमला’ असे म्हणतात.

हे नियम आले कुठून, हे पाहिले तर पंचाचे महत्त्व अधिक कळते. महाराष्ट्रात हुतूतू गावोगाव खेळला जात होता, पण प्रत्येक गावाची रीत निराळी. कुठे बाद झालेला परत येई, कुठे येत नसे. मैदानाचा आकार जागा असेल तसा. आपसात खेळताना याने काही बिघडत नाही, कारण तंटा झाला तर वडीलधारी माणसे मिटवतात. परक्या गावाशी सामना होऊ लागला की लिहिलेला नियम आणि तिऱ्हाईत पंच या दोन गोष्टींवाचून चालत नाही. १९१८ मध्ये साताऱ्याला नियमांची जुळवाजुळव झाली आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यांना व्यवस्थित रूप देऊन स्पर्धा भरवल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत या खेळाला पदकाचे स्थान मिळाले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या संघटकांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, तो उगाच नव्हे. या सबंध वाटचालीत खेळाडूंचा जयजयकार झाला, संघटकांचे सत्कार झाले. शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही.

हा माणूस असतो तरी कोण? बहुधा शाळेतील शिक्षक, एखाद्या बँकेतील किंवा सरकारी कचेरीतील कारकून, कारखान्यातील कामगार. तरुणपणी स्वतः खेळलेला, गुडघा गेल्यावर खेळ सोडवेना म्हणून राज्य संघटनेची पंच परीक्षा देऊन मैदानाच्या कडेला आलेला. मानधन किरकोळ, प्रवास राज्य परिवहनाच्या गाडीने, जेवण संयोजकांना आठवण झाली तर. सामना मध्यरात्र उलटून संपतो आणि सकाळी त्याला वर्गावर किंवा टेबलावर हजर व्हावे लागते. नियमांच्या पुस्तकात दोन पंच, एक सरपंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असा सहा जणांचा ताफा सांगितला आहे. गावच्या सामन्यांत त्यातले कितीजण खरोखर परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात, हे संयोजकांना विचारावे. अंतिम रेषेवर बसवलेला साहाय्यक हा अनेकदा आयत्या वेळी प्रेक्षकांतून उचललेला असतो.

तज्ज्ञ पंच, कॅमेरे आणि नियमांचे जाडजूड पुस्तक एवढी सामग्री असली म्हणजे सारे सुरळीत होते, असे मात्र कोणी समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. गुणफलक २८–२८ असा बरोबरीत आणि सामना संपायला एखाद-दुसरे मिनिट उरलेले. पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कोणाला स्पर्श होण्यापूर्वीच राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत उतरला; इराणचे बचावपटू त्याच्यामागे तिथे घुसले. स्पर्श होऊन झटापट सुरू झाल्याशिवाय ते क्षेत्र खेळाचा भाग होत नाही. मग बाद कोण? एकटा चढाईपटू, की त्याच्यामागे गेलेले बचावपटूही? जुना नियम एक सांगत होता, व्यावसायिक स्पर्धेत रूढ झालेला नवा नियम दुसरे. निर्णय एकदा झाला, फिरला, पुन्हा फिरला. आधी एक संघ मैदानात ठाण मांडून बसला, मग दुसरा. बराच काळ सामना थांबला आणि अखेर भारताने तो ३३–२९ असा जिंकला. सुवर्णपदक आपले म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा लवकर मिटली. इराणमध्ये ती तशी मिटली नसणार. त्या दिवशी कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता. कोणता नियम लागू आहे हे सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या आणि पंचांच्या मनात एकसारखे ठसलेले नव्हते, हे दुखणे होते. आशिया खंडाच्या अंतिम सामन्यात जे घडू शकते, ते जत्रेच्या मैदानात रोज घडते, एवढाच फरक.

२०१४ पासून व्यावसायिक लीगचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि गावच्या प्रेक्षकाची नजर बदलली. शंका आली की संघ दाद मागतो, चित्रफीत मागे फिरवली जाते, बोट रेषेला लागले की नाही हे सर्व देशाला दिसते. २०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत पंचांना प्रथमच चित्रफितीचे साहाय्य मिळाले आणि त्या स्पर्धेत विक्रमी २९ पेनल्टी दिल्या गेल्या. पूर्वी गोलासमोरच्या गर्दीत जी ओढाओढ खपून जात होती, ती कॅमेऱ्यापुढे खपेनाशी झाली. यंत्राचा हा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण ते यंत्र कुरकुंभच्या मैदानात नाही आणि नजीकच्या काळात येईल असेही नाही. तिथे आलेला प्रेक्षक मात्र आदल्या रात्री ते पाहून आलेला असतो. पंचाकडून तो कॅमेऱ्याच्या अचूकतेची अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की पंचाच्या हेतूबद्दल बोलू लागतो. आता तर खिशातल्या दूरध्वनीवर टिपलेले चित्र पंचाच्या नाकासमोर नाचवले जाते. ते कोणत्या कोनातून घेतले आहे, याचा विचार कोणी करत नाही. पोरेही पडद्यावर पाहिलेल्या झेपा आणि मिठ्या दुसऱ्या दिवशी करून पाहतात. पडद्यावरचा खेळ मऊ मॅटवर, वैद्यकाच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षे कसलेली शरीरे खेळत असतात; इथे कठीण माती असते आणि किशोर गटातील चौदा-पंधरा वर्षांची हाडे.

या सर्वांवर कडी म्हणजे दडपण. ज्याने बक्षिसाची रक्कम दिली तो व्यासपीठावर बसलेला, त्याच्या गावचा संघ मैदानात, आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक पंचाच्या निर्णयावर जाहीर शेरे मारणारा. अशा वेळी मानेची पकड दिसूनही शिट्टी न वाजवणाऱ्या पंचाला भेकड म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे तेवढे सोपे नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत चितपटीच्या निर्णयावरून एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली. त्या दिवशी पंचांशी झालेल्या गैरवर्तनाबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. बंदी योग्यच होती. परंतु राज्याच्या सर्वांत मानाच्या आखाड्यात, हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर हे घडते, तर जिथे कॅमेरा नाही आणि बंदी घालणारे कोणी नाही, तिथे काय घडत असेल याचा अंदाज करावा.

जास्त शिट्ट्या वाजल्या की खेळाची रग जाते, असा एक आक्षेप जुने खेळाडू घेतात. तो सर्वस्वी चुकीचा नाही. अमेरिकन फुटबॉलच्या नियमांतही प्रतिस्पर्ध्याची हालचाल खरोखर अडली असेल तरच धरण्याचा दोष मानावा, असा विवेक पंचाला सांगितलेला आहे. अन्यथा तो खेळ पावलागणिक थांबला असता. कबड्डीतही ओघात बनियनला लागलेले बोट आणि मुठीत आवळलेले बनियन यांत भेद केला पाहिजे. मात्र मानेच्या बाबतीत असा भेद करता येत नाही. गळ्यावर हात, कोपर किंवा पाय आला की हेतू काय होता याची चौकशी नंतर व्हावी, शिट्टी आधी व्हावी. निकाल उलटला तरी चालेल. एका गुणावरून दोन गावांत आठ दिवस अबोला राहतो आणि मिटतो; मणक्याची इजा मिटत नाही.

अमेरिकेतील त्या खेळातून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे व्यावसायिक सामन्यात सात पंच असतात आणि खेळ सुरू होताच प्रत्येकाने कोणाकडे पाहायचे हे आधी वाटून दिलेले असते. सगळे चेंडूकडे पाहत राहिले तर धरणारा कोणालाच दिसणार नाही, हे त्यांनी ओळखले आहे. आपल्याकडे पकड होताच दोन्ही पंच आणि सरपंच मिळून मध्यरेषेकडे धावणाऱ्या त्या एका हाताकडे पाहतात, कारण गुण तिथे आहे. त्याऐवजी एका पंचाने रेषा पाहावी आणि दुसऱ्याने चढाईपटूची मान व तोंड, असे सामन्यापूर्वी ठरवून घेतले तर कोणताही खर्च न होता निम्मे तंटे टळतील. दोघांत मतभेद झाला तर निर्णय देण्याचा अधिकार नियमाने सरपंचाला दिलेलाच आहे. त्याने तो निवेदकाच्या शेऱ्याची वाट न पाहता वापरावा. पंच शक्यतो दुसऱ्या तालुक्यातील असावेत. दोन्ही कर्णधारांना बोलावून पकडीचा नियम एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. शाळांतून खेळाच्या तासाला पकड शिकवताना ती सोडायची केव्हा हेही शिकवावे. हे काम शिक्षकांखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

राहिला ध्वनिक्षेपकाचा प्रश्न. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक, पण दमाचा सारा न्याय तिच्यावर अवलंबून आहे. जो उच्चार ऐकून पंचाने बाद-नाबाद ठरवायचे, तो निवेदकाच्या आरोळ्यांत, देणगीदारांच्या नामावळीत आणि मधूनच लावलेल्या गाण्यांत ऐकूच येत नाही. पूर्वी दिवे नव्हते, कर्णे नव्हते, तेव्हा चांगल्या चढाईपटूचा दम मैदानाच्या चारही बाजूंना ऐकू जाई. आज तो दहा पावलांवर उभ्या असलेल्या पंचालाही ऐकू येत नाही. चढाई सुरू झाली की तीस सेकंद निवेदकाने गप्प राहायचे आणि चढाई संपल्यावर हवे तेवढे बोलायचे, एवढी एक अट तालुक्याच्या संघटनांनी मान्यता देताना संयोजकांना घालावी. पुढची जत्रा यायला अजून अवकाश आहे, तोवर हे ठरवता येईल.